सिलिंडर नंबर आणि लेसर

वर एकांनी विचारलंय की मायनस साडेचार नंबर आणि सोबत दोनचा सिलिंडर (डोळ्याची गोलाई सगळीकडे सारखी नसल्यामुळे येणारा नंबर) असेल तर लेसरने चष्मा पूर्ण जातो का. बहुतेकांचा जातो. पण सिलिंडरच्या बाबतीत अक्षाला, म्हणजे तो नंबर कोणत्या कोनात आहे त्याला, फार महत्त्व आहे. आडवं झोपल्यावर डोळा खोबणीत किंचित फिरतो, आणि अक्ष १० अंशांनी चुकला तर सिलिंडरची जवळजवळ एक तृतीयांश दुरुस्ती वाया जाते. म्हणून काही ठिकाणी पेशंटला ताठ बसवून बुबुळाच्या कडेला शाईची खूण करतात. नव्या मशिन बुबुळाच्या नक्षीवरून डोळ्याचं फिरणं टिपतात. तुमच्या डॉक्टरांना हे जरूर विचारा.

नंबर किमान वर्षभर स्थिर हवा. कॉर्नियाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाची) जाडी आणि टोपोग्राफी, म्हणजे त्याच्या आकाराचा नकाशा, बघितल्याशिवाय कोणी तारीख देत असेल तर तिथून सरळ उठा. कॉर्निया शंकूसारखा होण्याची शंका असताना लेसर करणं धोक्याचं आहे.

कोरडेपणा, रात्री दिव्यांभोवती वलयं हे सुरुवातीचे काही महिने बऱ्याच जणांना जाणवतं, काहींना पुढेही. चाळिशीचा चष्मा मात्र लागणारच.

आणि एक, जे कोणी सांगत नाही: ऑपरेशनच्या आधीचे सगळे रिपोर्ट जपून ठेवा. पुढे मोतीबिंदूच्या वेळी लेन्सचा नंबर काढायला ते लागतात. लेसरनंतर डोळ्याचं प्रेशरही प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतं, तेव्हा प्रत्येक नव्या डॉक्टरला लेसर झाल्याचं आवर्जून सांगा. मायनस नंबरचा डोळा सहसा लांब असतो आणि त्यामुळे आतला पडदा (रेटिना) ताणलेला असतो; नंबर गेला तरी ही लांबी तीच राहते, म्हणून पडद्याची तपासणी चालूच ठेवा.