मदत हवी आहे: देणगी गोळा करणाऱ्या कार्यकर्त्याचं काम रुपयांपलीकडे कसं मोजायचं?

नमस्कार मंडळी. आमची संस्था यवतमाळ जिल्ह्यातली. कार्यकर्त्यांचं मूल्यमापन आजवर एकाच आकड्यावर होतं: वर्षात किती रुपये आणले. हे अन्यायाचं आहे. नागपुरात कंपन्यांकडे जाणारा सीएसआरच्या, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारी निधीच्या, एका धनादेशात पुढे निघतो. घाटंजी, केळापूरकडे फिरणाऱ्याचे देणगीदार पाचशे-हजारांचे, तेही कापूस विकल्यावर देणारे. भाव पडला की त्याचा आकडा पडतो, यात त्याचा काय दोष?

यंदा मुख्य माप टिकलेल्या देणगीदारांचं ठेवायचं आहे. गेल्या वर्षी 120 जणांनी दिलं, त्यातल्या 54 जणांनी यंदाही दिलं, तर 45 टक्के. सोबत नव्या देणगीदाराची दुसरी देणगी, आणि पावतीवर पॅन-पत्ता पूर्ण आहे का तेही. पॅन चुकला की 31 मेपर्यंत 10बीडी, म्हणजे आयकर खात्याला द्यायचं देणग्यांचं विवरण, भरताना फोनाफोनी होते. देणगीदाराला 10बीई, म्हणजे देणगीचं प्रमाणपत्र, वेळेत मिळालं नाही तर 80जीची, म्हणजे देणगीवरची आयकरातली, वजावट अडते. असा माणूस पुढच्या वर्षी कशाला देईल?

नुसत्या भेटी मोजल्या तर वही भरते, काम नाही. म्हणून प्रत्येक भेटीपुढे ‘काय ठरलं, पुन्हा कधी जायचं’ हा रकाना ठेवतोय.

अडचण दोन ठिकाणी आहे. भाव वाढेल म्हणून कापूस घरात थांबतो, मार्चची देणगी एप्रिलात येते आणि आर्थिक वर्षाच्या हिशेबात तो देणगीदार तुटलेला दिसतो. 12 ऐवजी 15 महिन्यांची मुदत कोणी वापरता का? आणि रक्कम, टिकाव, नोंदी यांना शंभरातले किती-किती गुण देता?

तक्ता असेल तर कृपया टाका.