मदत हवी आहे : नेटवाल्यांचे शब्द आईंना समजतील असे कसे सांगू?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं जुनं घर आहे. यजमानांचं गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ बाजारात, दागिन्यांचं काम. मी सकाळी घरी साज, चिंचपेटी, ठुशीचे व्हिडिओ काढून गिऱ्हाइकांना पाठवते आणि दुपारी दुकानात जाते. गेल्या महिन्यात १०० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन घेतलं.

परवा दुपारी नेट गेलं. घरी सासूबाई एकट्याच. त्यांनी धीर करून तक्रारीचा नंबर लावला. पलीकडचा मुलगा एका दमात विचारत सुटला, "ओएनटीवर एलओएस ब्लिंक होतोय का? एफयूपी संपलंय का? टू पॉइंट फोरवर आहात का?" आईंनी "नंतर करते" म्हणून फोन ठेवला. रात्री मला म्हणाल्या, "त्यानं काय इचारलं त्येच मला कळंना, मग सांगू काय?" जिवाला लागलं माझ्या. या बाईनं दुकानाचे हिशेब वर्षानुवर्षं तोंडी सांभाळलेत. घरातल्या एका डब्याबद्दल चार वाक्यं बोलायला त्यांना अडावं लागू नये.

कंपनी कुठली ते लिहीत नाही, मला भांडायचं नाही. शब्द समजून हवेत. आणि एक शंका माझीही आहे : स्पीड टेस्ट ९४ दाखवते, पण फाइल उतरवताना लॅपटॉपवर ११ च्या वर आकडा जात नाही. बाकीचं नेट कुठे जातं?

प्रतिसाद १

ताई, कुठेही जात नाही. गुजरीतल्या आहात म्हणून तुमच्याच मापात सांगतो. आठ गुंजांचा एक मासा, तसे आठ बिटांचे मिळून एक बाइट. कंपनी प्लॅन विकते गुंजांत, म्हणजे मेगाबिटमध्ये (एमबीपीएस म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट), आणि लॅपटॉप फाइल मोजतो माशांत, म्हणजे मेगाबाइटमध्ये. १०० ला ८ ने भागा, साडेबारा येतात. तुमचे ९४ म्हणजे पावणेबाराच्या आसपास. ११ दिसतायत ते बरोबर आहेत.

आता आईंसाठी. ओएनटी म्हणजे भिंतीवरचा तो डबाच. फायबरमधून येणारा प्रकाश तो नेटमध्ये बदलतो. एलओएस लिहिलेला दिवा लाल मिचमिचत असेल, तर बाहेरून प्रकाशच येत नाहीये. मग डबा चालू-बंद करून उपयोग नाही. आईंनी एवढंच सांगायचं : "एलओएस लाल आहे, माणूस पाठवा." पॉन लिहिलेला दिवा स्थिर हिरवा असेल, तर डब्यापर्यंत लाइन आली आहे. तसं असूनही नेट नसेल तर डबा एकदा बंद करून दोन मिनिटांनी चालू करायला हरकत नाही.

डब्यात शिरणारी बारीक वायर, बहुधा पिवळी, कपाटामागे दुमडली आहे का बघा. आत काचेचा तंतू असतो, कडक मोडली की संपलं. तिचं टोक काढून डोळ्यासमोर मात्र धरू नका. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला घातक असतो.

प्रतिसाद २

एफयूपी म्हणजे महिन्याच्या वापराची मर्यादा. बऱ्याच 'अमर्यादित' प्लॅनमध्येही ती ३३०० जीबी असते. ती ओलांडली की नेट बंद पडत नाही, मंद होतं. व्हिडिओ पाठवून घरगुती माणसाचं एवढं संपत नाही, तेव्हा तुम्ही ते डोक्यातून काढून टाका.

टू पॉइंट फोर आणि फाइव्ह या वायफायच्या दोन वाटा. टू पॉइंट फोर हळू, पण भिंतीपलीकडे पोचते. फाइव्ह वेगवान, पण जुन्या पेठेतल्या जाड भिंतीपुढे दम टाकते. डबा सोप्यात आणि तुम्ही माडीवर असाल, तर आधी डब्याशेजारी बसून एकदा मोजा. तिथे वेग चांगला आणि वर कमी, तर दोष लाइनचा नाही, भिंतीचा.

तुमच्या कामाला अपलोड, म्हणजे पाठवण्याचा वेग, जास्त महत्त्वाचं. ते वेगळं विचारून घ्या, काही प्लॅनमध्ये डाउनलोडपेक्षा बरंच कमी असतं. १५० एमबीचा व्हिडिओ १० एमबीपीएस अपलोडवर दोन मिनिटं घेतो, १०० वर बारा सेकंद. आणि पिंग म्हणजे हाक मारल्यावर पलीकडून 'ओ' यायला लागणारा वेळ. तो मिलिसेकंदात मोजतात, कमी तितका चांगला. व्हिडिओ कॉलवर बोलणं तुटक येतं, तेव्हा पुष्कळदा हा वेळ वाढलेला असतो.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. कपाट सरकवून बघितलं, तर पिवळी वायर मागच्या पायाखाली चेपली होती. आज पुन्हा लाल दिवा लागला. मी दुकानातच होते. आईंनी फोन करून "एलओएस लाल आहे, माणूस पाठवा" एवढंच सांगितलं. पाचपर्यंत वायर बदलून झाली. गुंज-मासा ऐकून तर त्या लगेच म्हणाल्या, "मग आधीच तसं सांगायचं की!"

माडीवर मात्र फाइव्ह टिकत नाही. डब्याशेजारी ९२, वर जेमतेम १५. माडीपर्यंत लॅनची (नेटची) वायर ओढून वर वायफाय देणारा दुसरा डबा, म्हणजे राउटर, लावावा, की डबाच जिन्याजवळ हलवून घ्यावा? जुन्या दगडी भिंतीत हे कुणी केलं असेल तर सांगा.