एका रात्रीत ३१२ कॉम्प्युटर? मी विरोधात आहे (ऑनलाइन फोरमवरचा धागा)

मालवाहू
आमची ट्रान्सपोर्ट कंपनी. मुख्य ऑफिस पुण्यात आणि २७ ब्रँच, अकोला-नागपूरपासून थेट सावंतवाडी-म्हापशापर्यंत. कॉम्प्युटर ३१२. आयटीत माणसं दोन: एक मी, दुसरा नवा मुलगा, जो अजून अकोला आणि अकोट यांत गोंधळतो.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ऐन दिवाळीच्या तोंडावर. तेव्हा बुकिंगची गर्दी, म्हणून कोणी मशीनला हात लावू दिला नाही. आता वरून फर्मान आलंय: शनिवारी रात्री सगळीकडे एकदम विंडोज ११ टाका, सोमवारी हा विषय ऐकू येता कामा नये.

माझा याला विरोध आहे. आधी कुठल्या टेबलावर काय काम चालतं ते बघा, त्यावरून क्रम लावा. सांगलीला चाचणी म्हणून दोन मशीन केली होती. अपग्रेड सुरळीत, माझ्या स्क्रीनवर हिरवी खूण. रात्री साडेदहाला फोन आला, "बिल्टी खाली सरकतेय." आमचा बिल्टीचा, म्हणजे मालाच्या पावतीचा, कागद सहा इंच लांबीचा, तीन प्रतींचा, डॉट मॅट्रिक्सवर छापायचा. त्या मशीनवर कोणीतरी कधीकाळी त्या मापाचा फॉर्म बनवून ठेवला होता. ड्रायव्हर नव्यानं बसला, फॉर्म उडाला, आणि प्रिंटर कागद ए-फोर समजून पुढे ओढायला लागला. पहिली बिल्टी बरी आली. दुसरीत वजन भाड्याच्या रकान्यात. तिसरीत माल पाठवणाऱ्याचं नाव बरोबर फाडायच्या रेघेवर. गेटवर चार ट्रक उभे. शेवटी क्लार्कनं जुनं बिल्टीबुक काढून हातानं लिहिल्या.

हे २७ ठिकाणी एकाच सोमवारी झालं तर?

तटबंदी
कागद सरकतो म्हणून अख्खी कंपनी उघड्यावर ठेवायची? विंडोज ११ आली ५ ऑक्टोबर २०२१ ला. चार वर्षं होती हातात. सांगलीची चाचणी तेव्हाच का नाही झाली?

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे फाइली अडकवून खंडणी मागणारं व्हायरस पसरलं, तेव्हा त्याला अडवणारा पॅच (दुरुस्तीचा अपडेट) मार्चमध्येच निघालेला होता. दोन महिन्यांची चालढकल नडली. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत हजारो रुग्णांच्या अपॉइंटमेंट रद्द झाल्या. त्याला कोणी लिंकवर क्लिक करावं लागत नव्हतं, ते नेटवर्कमधून आपलं आपण पुढे सरकायचं. तुमच्या २७ ब्रँच एकाच व्हीपीएनवर (सगळ्यांना जोडणाऱ्या खासगी नेटवर्कवर) असणार. म्हणजे चिपळूणचं एक मशीन गेलं की पुण्याचा सर्व्हर किती लांब? आणि तुमच्या मशीनना यापुढे पॅचच येणार नाहीत.

मालवाहू
दादा, मग १९ जुलै २०२४ पण आठवा. क्राउडस्ट्राइकची एक सदोष फाइल जगभर एकदम गेली आणि सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. तेही सुरक्षेसाठीच बसवलेलं सॉफ्टवेअर होतं. दुरुस्तीला कित्येक ठिकाणी माणसानं मशीनसमोर बसून सेफ मोडमध्ये फाइल काढायला लागली. एकदम सगळीकडे पाठवलं की चूकही एकदम सगळीकडे जाते, एवढंच म्हणतोय.

तटबंदी
तुलना चुकतेय. ती फाइल सुमारे सव्वा तासात मागे घेतली, पण तेवढ्यात व्हायचं ते होऊन गेलं. विंडोजच्या अपग्रेडला परतीची वाट असते: दहा दिवसांत जुन्यावर जाता येतं, आणि एक कमांड आधी चालवून ठेवली तर ती मुदत साठ दिवसांपर्यंत वाढते. एका रात्रीचा हट्ट मलाही मान्य नाही, पाच टप्पे करा. पण शेवटच्या टप्प्याची तारीख भिंतीवर लावा. "आधी काम बघू" म्हणणाऱ्यांचं घोंगडं पुढच्या दिवाळीपर्यंत भिजत पडतं, हे मी तीन कंपन्यांत बघितलंय.

खर्डेघाशी
मी हिशेबातला माणूस. मालवाहू, ३१२ पैकी किती मशीन विंडोज ११ ला मुळात चालतात?

मालवाहू
१९४ चालतात. ११८ चे प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे. प्रोसेसरची आणि टीपीएमची (सुरक्षा चिपची) अट चुकवायच्या युक्त्या नेटवर भरपूर आहेत, मला माहितीयेत. पण तशा मशीनना पुढे अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही. मग कशाला ती उठाठेव?

खर्डेघाशी
मग ऐका. पैसे भरून विंडोज १० ला वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात, कंपन्यांना पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर. दरवर्षी दर दुप्पट, फार तर तीन वर्षं. दुसऱ्या वर्षी घ्यायचं म्हटलं तरी पहिल्याचे भरावेच लागतात. ६१ डॉलरचे साडेपाच हजार रुपये धरा. तीन वर्षांचे मशीनमागे साडेअडतीस हजार, ११८ चे साडेपंचेचाळीस लाख. तेवढ्यात बुकिंगच्या कामापुरतं नवं मशीन येतं. म्हणून एकच वर्ष भरा आणि त्या वर्षात जुनी मशीन टप्प्याटप्प्यानं बदला. साहेबांना वॉनाक्राय सांगू नका, हा गुणाकार दाखवा.

पेंग्विनप्रेमी
११८ मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट सिस्टिम टाका. पैसा शून्य, विषय संपला. तुमचं बुकिंग ब्राउझरमध्येच चालत असणार ना?

इसारकाठचा
म्युनिकमध्ये राहतो म्हणून बोलतो. इथल्या नगरपालिकेनं २००३ मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं, दहा वर्षांत पंधरा हजारांच्या आसपास कॉम्प्युटर नेलेही. २०१७ मध्ये परत विंडोजकडे वळायचा ठराव झाला. लिनक्स वाईट म्हणून झाला, की राजकारणानं, यावर इथे अजून बिअरच्या टेबलावर भांडणं होतात. पण पंधरा हजारांना दहा वर्षं लागली, आणि त्यांच्याकडे आयटीत दोनच माणसं नव्हती.

पेंग्विनप्रेमी
दोन माणसांचा मुद्दा मान्य. बाकी नाही.

स्क्रूड्रायव्हर
इथे सगळे पुण्यातून अपग्रेड ढकलायच्या गोष्टी करताहेत, पण चालणाऱ्या १९४ पैकी किती मशीन लेगसी मोडमध्ये, म्हणजे सुरू व्हायच्या जुन्या पद्धतीवर, आहेत? माझा अनुभव: प्रोसेसर नवा, टीपीएम आहे, पण विकणाऱ्यानं सवयीनं डिस्क एमबीआर (जुन्या आखणीची) ठेवलेली. आधी ती जीपीटी (नव्या आखणीची) करायची. त्याला कमांड आहे, पण डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असली की ती नाही म्हणते. मग बायॉसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) शिरून लेगसीचं यूईएफआय, म्हणजे नवी पद्धत, करायचं. ते पुण्यात बसून होत नाही, तिथे माणूस लागतो. आणि बिटलॉकर (डिस्कचं कुलूप) चालू असेल तर बायॉसला हात लावण्याआधी तो थांबवा, नाहीतर ४८ आकडी किल्ली मागत बसेल आणि ती कोणाच्या मेलमध्ये आहे ते कोणालाच माहीत नसेल.

आणखी एक. लहान ब्रँचला नेट कसं आहे? पाच जीबीच्या वरची फाइल आठ मशीननी वेगवेगळी ओढली तर सोमवार काय, बुधवारही पुरणार नाही. डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन चालू करा, एकानं उतरवलं की बाकीची त्याच्याकडून तुकडे घेतात.

बिल्टीवाली
मी दुसऱ्या एका ट्रान्सपोर्टमध्ये कोकणातल्या ब्रँचला बुकिंगला आहे. अकरा वर्षं. धागा वाचून हसावं की चिडावं कळेना.

मालवाहू, आमच्या नावानं गळा काढू नका. सकाळी मशीन चालू करून मी देवाला अगरबत्ती लावते, चहा घेते, तरी ते गोल फिरतच असतं. आम्हाला नवं हवंय, कालच हवं होतं. पण एवढ्या वर्षांत पुण्याहून कोणी विचारलं नाही की ताई, तुम्ही रोज कुठली बटणं दाबता. आमच्याकडेही तो कागदाच्या मापाचा फॉर्म आहे. तो मी बनवलाय. माप ड्रॉवरच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवलंय, कारण मागच्या वेळी फॉरमॅट मारायला आलेला पोरगा न विचारता सगळं पुसून गेला. सांगलीच्या बाईंकडेही असं काहीतरी लिहिलेलं असणार. विचारलंत का?

मालवाहू
नाही विचारलं. मी रिमोटवरून बघत बसलो.

बिल्टीवाली
उंटावरून शेळ्या.

तटबंदी
ताईंचं एक वाक्य साहेबांना पाठवा. उशीर ब्रँचमुळे झालेला नाही, तो आपल्यामुळे झालाय. मी मात्र माझ्या तारखेवर ठाम आहे.

मालवाहू (चार दिवसांनी)
साहेबांनी गुणाकार बघितला. ११८ मशीनचे एका वर्षाचे पैसे मंजूर, शनिवारचं फर्मान रद्द. तटबंदी, तारीखही लागली: मार्चअखेर नको, तेव्हा खातेबंदी असते, म्हणून २८ फेब्रुवारी. पहिला टप्पा ऑफिसातल्या एचआर आणि मार्केटिंगचा. त्यांचा प्रिंटर बिघडला तर एकही ट्रक थांबत नाही.

ब्रँचना फोन करून तीन प्रश्न विचारले: काय छापता, कशावर छापता, आणि काय बंद पडलं तर ट्रक अडतो. सांगलीच्या मॅडमकडे माप होतं, कॅलेंडरच्या मागे. म्हापशाला पॅरलल पोर्टवाला प्रिंटर निघाला, नव्या मशीनला तो पोर्टच नाही. आणि अकोल्याला कोपऱ्यात एक मशीन आहे जे माझ्या यादीतच नव्हतं. ३१३ वं. ३२ बिटी विंडोज, वर डॉसच्या काळातल्या फॉक्सप्रोमध्ये हमालीचा हिशेब. विंडोज ११ फक्त ६४ बिटीत येते, त्यामुळे त्यावर हा प्रोग्रॅम सरळ उघडणारही नाही. लिहिणारा कंपनी सोडून केव्हाच गेला. हमालांचे दर शनिवारचे पैसे त्यावर ठरतात.

स्क्रूड्रायव्हर
डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस प्रोग्रॅम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) चालवून बघा. प्रिंटिंगला थोडा त्रास देईल.

तटबंदी
आधी ते मशीन नेटवर्कमधून बाहेर काढा. आज.

मालवाहू
काढलं. सकाळीच केबल उपटली. आता हमालीचा आकडा ते पेन ड्राइव्हवर घालून शेजारच्या मशीनवर आणतात.

तटबंदी
कुणाच्या पेन ड्राइव्हवर?