मदत हवी आहे: लघवी सुटणे आणि मालिश

आईसाठी विचारतेय. वय ६२. खोकला, शिंक आली किंवा काही जड उचललं की तिची थोडी लघवी होते. आता तर लघवी लागल्यावर बाथरूमपर्यंतही धीर निघत नाही. कित्येक वर्षं तिने हे मलासुद्धा सांगितलं नव्हतं, याचं फार वाईट वाटतं. बाहेर जाणं तिने जवळजवळ सोडलंय.

तपासण्या झाल्या आहेत. जंतुसंसर्ग नाही, शुगर ठीक आहे. डॉक्टरांनी केगलचे व्यायाम (लघवी रोखून धरणारे खालचे स्नायू आवळून सोडण्याचे) किमान तीन महिने करायला सांगितले, पण ते नीट करून कुणी दाखवले नाहीत. आई मनापासून करते, तरी फरक नाही. उलट हल्ली ओटीपोट दुखतं म्हणते.

आता मावशी म्हणतेय, रोज ओटीपोटाला तेल लावून मालिश कर, मूत्राशय वर सरकेल. हे मला पटत नाही. खालचे स्नायू सैल पडले असतील तर वरून चोळून त्यांत ताकद कशी येणार? ती व्यायामानेच येते.

पण वाचताना एक वेगळीच गोष्ट कळली. काही बायकांचे हे स्नायू सैल नसतात, उलट कायम आवळलेले असतात. त्यांना आधी ते सैल सोडायला शिकावं लागतं, नुसतं केगल करत राहिलं तर दुखणं वाढू शकतं. अशा वेळी प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट हातमोजा घालून योनीमार्गातून बोटाने आवळलेल्या स्नायूंतल्या गाठी हलक्या दाबून मोकळ्या करतात. म्हणजे मालिशच, पण घरच्या तेलाच्या मालिशपेक्षा अगदी वेगळी. आईचं दुखणं बघून मला हीच शंका येतेय.

पोटावरच्या मालिशचा एक उपयोग मात्र असू शकेल. आईला बद्धकोष्ठ आहे. आतडं भरलेलं असलं की मूत्राशयावर दाब येतो, शिवाय कुंथल्याने तेच स्नायू ताणले जातात. त्यासाठी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हलकी मालिश कुणी केली आहे का?

आतून मालिशचे उपचार कुणी घेतले असतील तर कृपया लिहा. दुखतं का? स्नायू सैल आहेत की आवळलेले, हे पहिल्याच तपासणीत कळतं का? तोवर केगल थांबवायचे का, हे डॉक्टरांना विचारणारच आहे. आतून तपासणी म्हटलं की आई लगेच नको म्हणते. तुम्ही तुमच्या आईला किंवा सासूबाईंना कसं तयार केलंत, तेही सांगा. इथे लिहायला संकोच वाटत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.