राज्यसेवा पूर्व, इतिहास : नोकरी सांभाळून पाच महिने, बजेट १२०० रुपये. काय घेऊ?

भीमथडी_एक्सप्रेस
नमस्कार. एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्व परीक्षेला पाच महिने आहेत. मार्केट यार्डात एका आडत्याकडे हिशेब लिहिते, सकाळी आठ ते पाच. अभ्यास रात्री आणि रविवारी. राज्यशास्त्र, भूगोल बऱ्यापैकी झालंय, पण इतिहास उघडला की डोळे मिटतात. सायन्सची आहे, दहावीनंतर इतिहासाचं तोंड पाहिलेलं नाही.

१) एकच पुस्तक घ्यायचं तर कसलं घेऊ? एबीसीत (पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात) गेले तर दुकानदाराने सात पुस्तकं काउंटरवर मांडली आणि "सगळीच चालतात" म्हणाला.
२) प्राचीन-मध्ययुगीन सोडून फक्त आधुनिक केलं तर?
३) सेकंडहँड कुठे चांगलं मिळतं?

बजेट १२०० रुपये, सगळं मिळून. क्लास लावायचा नाहीये, कृपया क्लास सुचवू नका.

(गाव सुपे. १८७५चे दख्खनचे दंगे आमच्या बाजारात सुरू झाले, एवढाच इतिहास तोंडपाठ आहे.)

चौथा_अटेम्प्ट
भावा, क्लासशिवाय इतिहास होत नाही, हे आधी मान्य कर. मी पहिले दोन अटेम्प्ट स्वतः वाचून दिले, दोन्ही पूर्वला उडालो. तिसऱ्याला क्लास लावला, कटऑफ दोन मार्कांनी हुकला. म्हणजे फरक पडतोच. नऊ-दहा हजारांत ऑनलाइन बॅच मिळते, सोबत टेस्ट सिरीज घेऊन टाक. १२००मध्ये काय येतंय, दोन महिन्यांचा चहा.

भीमथडी_एक्सप्रेस
भावा नाही, ताई. आणि क्लास नको, असं वर लिहिलंय.

युपीएससी_रिटर्न
ठोकळे, म्हणजे ती जाडजूड गाईडं, घेऊच नका. एनसीईआरटी वाचा, सहावी ते बारावी, इंग्रजीतून. दिल्लीत राजेंद्रनगरला तीन वर्षं होतो, तिथे कुणी राज्याची गाईडं हातात धरत नाही. एकदा पाया पक्का झाला की राज्यसेवा डाव्या हाताचा मळ.

पेठी_४११०३०
मग तीन वर्षांत त्या डाव्या हाताने काही लिहिलंत का, की मळच जमला?

अभ्यासक्रमात "महाराष्ट्राच्या विशेष संदर्भासह" असे शब्द आहेत. एनसीईआरटीत सार्वजनिक सभेला किती ओळी मिळतात ते मोजून सांगा. मी चाळीस वर्षं पेठेत राहतोय. या गल्ल्यांमध्ये अर्धा अभ्यासक्रम घडला आणि पोरं दिल्लीची पुस्तकं घेऊन अभ्यासिकेत झोपतात.

झेरॉक्स_बहाद्दर
माझा अनुभव ऐका आणि शहाण्या व्हा. मी पैसे वाचवायला ७० रुपयांच्या झेरॉक्स नोट्स घेतल्या, कुणाच्या तरी हाताने लिहिलेल्या. सत्यशोधक समाजाचं साल १८७३, त्याचा ३ झेरॉक्समध्ये ८ दिसत होता. मी सहा महिने १८७८ घोकलं. परीक्षेत कालानुक्रम लावायचा प्रश्न आला, १८७८चा देशी वृत्तपत्र कायदा शेजारी बसला होता, आणि मी दोघांना एकाच वर्षात घालून चुकीचा पर्याय निवडला. दोन मार्क गेले, वर अर्धा मार्क निगेटिव्ह. तेव्हापासून छापील पुस्तकाशिवाय काही हातात धरत नाही.

चौथा_अटेम्प्ट
क्लासच्या नोट्समध्ये असं होत नाही.

झेरॉक्स_बहाद्दर
त्या क्लासच्याच होत्या. नाव घेत नाही.

मुलाखतीपर्यंत
ताई, क्रम उलटा करा. पुस्तक नंतर, आधी आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका. संकेतस्थळावर फुकट आहेत. मागच्या दहा वर्षांच्या पूर्वच्या प्रिंट काढा आणि फक्त इतिहासाचे प्रश्न कापून वहीत चिकटवा. उत्तरं पाठ करू नका. प्रश्न कुठून येतो आणि तुम्हाला फसवतो कुठे, ते बघा.

फसवणूक बहुतेक सारख्या नावांची असते. रमाबाई दोन : पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९ला मुंबईत निघालं आणि नंतर पुण्यात आलं, पुण्याच्या सेवासदनाशी जोडलेल्या त्या रमाबाई रानडे. 'केसरी' म्हटलं की हात टिळकांकडे जातो, पण पहिले संपादक आगरकर. 'सुधारक' त्यांनी नंतर, १८८८ला काढला. 'दीनबंधु' (१८७७) फुल्यांच्या नावावर टाकतात, तो काढला कृष्णराव भालेकरांनी. आंबेडकरांचं 'मूकनायक' १९२०चं आणि 'बहिष्कृत भारत' १९२७चं. 'कालानुक्रम लावा'मध्ये हे दोन उलटे करून ठेवतात.

म्हणून एक वही करा. एका पानावर एक माणूस : संस्था, साल, गाव, वृत्तपत्र, कुणाशी वाद झाला. वादाचा रकाना बहुतेक जण करत नाहीत. मला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला, कारण वाद लक्षात राहिला की दोन्ही माणसं लक्षात राहतात. संमती वयाचा कायदा १८९१चा. टिळक कुठे, आगरकर कुठे, हे नीट कळलं की चार प्रश्न सुटतात.

वाचायला बालभारतीची पुस्तकं घ्या. सहावी प्राचीन, सातवी मराठे, आठवी आधुनिक. अकरावीच्या पुस्तकात हडप्पापासून मराठा काळापर्यंत सगळं येतं. सगळ्यांच्या पीडीएफ फुकट आहेत. आता मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यामुळे जगाचा इतिहासही करावा लागतो. त्याची सुरुवात बारावीच्या पुस्तकाने करा, युरोपातील प्रबोधनापासून आहे. पण ते पूर्व झाल्यावर.

खर्च : प्रिंट आणि वही, २०० रुपये.

कम्बाईनवाला
राज्यसेवा कशाला, कम्बाईन (गट ब-क संयुक्त परीक्षा) द्या. तिथे इतिहास फक्त आधुनिक, तोही विशेषतः महाराष्ट्राचा. प्राचीनचं झंझटच नाही. माझ्या रूममधले तिघे लागले.

भीमथडी_एक्सप्रेस
@मुलाखतीपर्यंत खूप आभार. वादाचा रकाना आवडला. पण प्राचीनचं काय?

उत्खननवाली
सोडू नका!! सगळे हाच सल्ला देतात आणि सगळेच तिथे मार्क घालवतात. प्राचीन म्हणजे वेद आणि मौर्य एवढंच नाही. पुणे जिल्ह्यातच किती आहे बघा. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव, डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केलं, ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची अख्खी वस्ती सापडली. घरं, धान्याच्या जागा, घरातल्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली लहान मुलं. जोर्वे संस्कृती एकदा इनामगाववरून समजून घेतली की दायमाबाद आपोआप कळतं. नाणेघाटात नागनिकेचा लेख आहे, सातवाहन तिथून सुरू करा. कार्ले-भाजे तर लोकलने जाता येतात. रविवारी एक चक्कर टाका, मी येते सोबत!

चौथा_अटेम्प्ट
रविवारी लेण्या बघून पोस्ट निघत नाही मॅडम.

उत्खननवाली
चार अटेम्प्टमध्ये अभ्यासिकेत बसूनही निघालेली दिसत नाही.

पेठी_४११०३०
मी काय म्हणत होतो, शहरातच बघा ना. राष्ट्रसभेचं पहिलं अधिवेशन १८८५ला खरं तर इथेच, पुण्याला भरायचं होतं. प्लेग आला म्हणून मुंबईला गेलं.

मुलाखतीपर्यंत
काका, प्लेग नाही. कॉलरा.

पेठी_४११०३०
मी लहानपणापासून प्लेगच ऐकत आलोय.

मुलाखतीपर्यंत
पुण्यात प्लेगचा कहर १८९७चा. रँडची नेमणूक, घरझडत्या, आणि २२ जूनला गणेशखिंड रस्त्यावर चापेकर, हे सगळं त्या साथीत. १८८५ला पटकी, म्हणजे कॉलरा, होती म्हणून २८ डिसेंबरला मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत ७२ प्रतिनिधी जमले. पुण्याला अधिवेशन आलं ते १८९५ला, अध्यक्ष सुरेंद्रनाथ बॅनर्जी. आयोग नेमका असाच पर्याय देतो : विधान बरोबर, कारण चूक.

पेठी_४११०३०
बरं. पटकी. पण अधिवेशन पुण्याचं होतं, हे खरं की नाही?

झेरॉक्स_बहाद्दर
तारखांवरून आठवलं. २४ सप्टेंबर लक्षात ठेवा, एकात दोन. सत्यशोधक समाज २४ सप्टेंबर १८७३ आणि येरवड्यातला पुणे करार २४ सप्टेंबर १९३२. आता हे मी कधीच विसरणार नाही, का ते वर सांगितलंय.

वऱ्हाडी_ठेचा
बाकी जाऊ द्या, नवी पेठेत रविवारी संध्याकाळी चालू असणारी मेस कोणाला माहीत आहे का? महिना २८०० देतो आणि रविवारी रात्री वडापाववर झोपतो.

कम्बाईनवाला
लोकमान्यनगरच्या बाजूला एक काकू डबा देतात, रविवारीही. पोळ्या मऊ. इनबॉक्स करा.

युपीएससी_रिटर्न
मेसला २८००? राजेंद्रनगरला...

वऱ्हाडी_ठेचा
नका सांगू.

चौथा_अटेम्प्ट
ताई, शेवटचं सांगतो. निदान टेस्ट सिरीज तरी लावा. २५०० फक्त.

मुलाखतीपर्यंत
माझं फक्त एवढंच : जुन्या प्रश्नपत्रिका, बालभारती, वही. त्यातही आठवीचं आधुनिक आणि महाराष्ट्रातल्या चळवळी आधी. सोलापूरचा मार्शल लॉ, चिरनेर, मुळशी, साताऱ्याचं प्रतिसरकार. नुसती नावं नकोत, साल आणि ठिकाणासकट. सोलापूरच्या चौघांना १२ जानेवारी १९३१ला फाशी झाली, पण येरवड्यात. "कुठे" हा प्रश्न येतो आणि लोक सोलापूर लिहून येतात.

आणि तुमचं सुपे फक्त १२ मे १८७५ एवढ्यावर सोडू नका. पुढे चौकशी आयोग, १८७९चा शेतकरी कायदा, आणि मुख्य म्हणजे कारण. अमेरिकेतल्या यादवीमुळे आपला कापूस महागला, ती थांबल्यावर भाव कोसळले, त्यात नवी सारावाढ. मुख्य परीक्षेत यावर लिहायला लागलं तर गावचं नाव नाही, हे लिहावं लागेल.

भीमथडी_एक्सप्रेस
हे मला खरंच माहीत नव्हतं. आमच्याकडे फक्त "सावकारांच्या वह्या जाळल्या" एवढंच सांगतात. त्याच गावची मी इथे आडत्याच्या वह्या लिहिते, असो.

उत्खननवाली
ताई, लेण्यांचं काय ठरलं?

(नऊ दिवसांनी)

भीमथडी_एक्सप्रेस
अपडेट देते, सगळ्यांनी वेळ दिलात म्हणून.

काल एबीसीत गेले होते. बालभारतीच्या पीडीएफ फोनवर उघडल्या होत्या, पण फोनवर दोन पानं झाली की मी भाजीचे भाव बघायला लागते. प्रिंट काढायचं म्हटलं तर सगळ्या पुस्तकांचा खर्च ठोकळ्याइतकाच. मग फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकवाल्याकडे एक ठोकळा मिळाला, जाडजूड, आधुनिक भारताचा. २४० रुपये सांगितले, २०० दिले. घेतला.

हो, माहितीये, ठोकळा नको असं वर सांगितलं होतं. पण मला दिवसभर खतावणी चाळायची सवय आहे. जाड बाइंड हातात असलं की काम चाललंय असं वाटतं. पातळ पुस्तक वाचून झालं की काहीतरी राहिलं असं वाटत राहतं. प्राचीन सोडतेय. मध्ययुगीनातलं मराठे तेवढं सातवीच्या पुस्तकातून करेन. उत्खननवाली ताई रागावू नका, भाजे बघायला येईन, पण परीक्षा झाल्यावर.

प्रश्नपत्रिका कापून चिकटवणं मात्र सुरू केलंय. वादाचा रकानाही. टिळक-आगरकरांचं एक पान भरलंसुद्धा, आता दुसरं जोडावं लागतंय.

एक गंमत. ठोकळ्याच्या आधीच्या मालकाने पहिल्या पानापासून सगळ्या ओळी पेन्सिलने अधोरेखित केल्यात. सगळ्या म्हणजे सगळ्या, "आणि"सुद्धा. पान ९४पर्यंत. पुढे पुस्तक कोरं.

चौथा_अटेम्प्ट
पान ९४ला वर कोपऱ्यात चहाचा डाग आहे का?

भीमथडी_एक्सप्रेस
आहे.

चौथा_अटेम्प्ट
मी ते ९०ला विकलं होतं. रद्दीवाल्याने तुमच्याकडून २०० घेतले??

कम्बाईनवाला
😂😂

पेठी_४११०३०
पहिल्या अटेम्प्टला की दुसऱ्या?

नवीन_सदस्य_२७
सर मलापण हाच प्रश्न आहे. कोणाकडे इतिहासाची पीडीएफ असेल तर पाठवा प्लीज. आणि क्लास कोणता चांगला?