गूढ शब्दकोडं: ही सूत्रं (उत्तराकडे नेणारे इशारे) फोडायची कशी?

कोडेखोर: 'एक मळका सदरा, त्यात फूल (३)' आणि 'वेल उलटली की ठेका (२)'. कंसात उत्तराची अक्षरं. समानार्थी शब्द लावून जमत नाही.

आडवे_उभे: उत्तराचा सरळ अर्थ सूत्राच्या एका टोकाला असतो, बाकी शब्दखेळ. इथे 'फूल'. 'त्यात' ही दडलेल्या शब्दाची खूण: ए‑क‑म‑ळ‑का, म्हणजे कमळ. 'सदरा' नुसती भरताड, सूत्र सैलच आहे.

काना_मात्रा: दुसरं: वेल = लता, उलटून ताल. मराठीत अख्खी अक्षरं उलटतात, काना‑वेलांटी अक्षरासोबतच जाते. जोडाक्षराला एकच घर. ल्‑अ‑त्‑आ असे वर्ण उलटलेत की अडकलात.

कोडेखोर: मग 'सारात गवताचं टोक पडलं, दर्या झाला (३)'?

काना_मात्रा: गवताचं टोक म्हणजे पहिलं अक्षर 'ग', ते 'सार'च्या पोटात: सागर. 'टोक' मात्र शेवटचं अक्षरही असू शकतं, दोन्ही तपासा.