नाझी पक्षाच्या नावात ‘समाजवादी’ होतं, मग फॅसिझम अन् समाजवाद एकच का?

कापूस_तूर (हिंगणघाट तालुका):
राम राम मंडळी. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर रोज पेपर वाचला जाते अन् रोज भांडण होते. काल एक काका म्हणे, हिटलरच्या पक्षाच्या नावातच समाजवादी होतं, सगळे समाजवादी शेवटी तिथंच जातात. पुतण्या बी.ए.ले आहे, तो म्हणे साफ उलटं. मग दोघंही एकमेकाच्या पक्षाले फॅसिस्ट म्हणत सुटले. मले कोणाची बाजू नाही घ्याची. पक्ष कोणत्या विचाराचा, हे ओळखाचं कसं?

जुना_मास्तर (पुलगाव):
भाऊ, नाव अन् जाहीरनामा बाजूला ठेवा. मजुरांच्या संघटनेचं अन् विरोधकाचं पक्षानं काय केलं, ते पाहा. शाळेत इतिहास शिकवताना मी पोरांना हेच सांगत असे.

इटलीत फॅसिझम उभा करणारा मुसोलिनी आधी समाजवादीच, समाजवादी पक्षाच्या पेपरचा संपादक. १९१४ मध्ये महायुद्धात उतरा म्हणू लागला तेव्हा पक्षानं काढून टाकलं. पुढं त्याच्या काळ्या सदऱ्यांच्या टोळ्यांनी पो नदीच्या खोऱ्यात काय जाळलं? शेतमजुरांच्या संघटनांची अन् सहकारी संस्थांची कार्यालयं. पाठबळ मोठ्या जमीनदारांचं. मात्तेओत्ती हा समाजवादी खासदार निवडणुकीतल्या दडपशाहीवर संसदेत बोलला, जून १९२४ मध्ये त्याचा खून झाला.

हिटलरनं १ मे १९३३ ला कामगारांना भरपगारी सुट्टी दिली, मोठमोठ्या सभा घेतल्या. दुसऱ्याच दिवशी कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात, पुढारी अटकेत! त्याआधी मार्चमध्ये त्याला सर्वाधिकार देणाऱ्या कायद्याविरुद्ध ९४ मतं पडली, सगळी सोशल डेमोक्रॅटांची, म्हणजे तिथल्या समाजवादी पक्षाची. कम्युनिस्टांना सभागृहात येऊच दिलं नव्हतं. काकांना एवढं नक्की सांगा.

पण काकांची भीती अगदीच खोटी नाही. स्टालिननं शेतकऱ्याची जमीन बळजबरीनं सामुदायिक शेतीत ओढली, १९३२-३३ मध्ये युक्रेनात लाखो माणसं उपाशी मेली. म्हणून बाबासाहेबांचं १९४७ चं म्हणणं मला फार मोलाचं वाटतं: शेती राज्याचा उद्योग करा, पण ते संविधानात लिहून, संसदीय लोकशाही राखून, हुकूमशाहीशिवाय.

वर्धेची_पोट्टी:
सर, आपल्याकडं तर कागदावरून काहीच कळत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ प्रमाणे नोंदणीसाठी प्रत्येक पक्षाला समाजवादाशी निष्ठा लिहून द्यावी लागते. काँग्रेसनं १९५५ मध्ये मद्रासजवळच्या आवडी गावातल्या अधिवेशनात समाजवादी धर्तीचा समाज हे ध्येय ठरवलं, १९९१ मध्ये तिच्याच सरकारनं बाजार खुला केला. भाजपनंही १९८० मध्ये गांधीवादी समाजवाद स्वीकारला होता.

चुकारा_बाकी (यवतमाळ):
१९७२ ची एकाधिकार खरेदी आठवते काय कोणाले? कापूस सरकारलेच द्याचा. बाप संकलन केंद्रावर बंडीखाली रात्र काढे, सकाळी ग्रेडर मूठभर कापूस चिमटीत धरून प्रत उतरवे, अन् चुकाऱ्यासाठी चकरा. लय राग ये. पण त्याच्याविरुद्ध शेतकरी संघटना उभी राह्यली, लोक तुरुंगात गेले, बाहेर येऊन परत बोलले. शेवटी ती मक्तेदारीच गेली.

कापूस_तूर:
मास्तर, मंग आणीबाणीले काय म्हणाचं?

जुना_मास्तर:
पेपरांवर सेन्सॉर, विरोधी पुढारी तुरुंगात. ती हुकूमशाहीच होती, सौम्य शब्द मी वापरणार नाही. उद्देशिकेत ‘समाजवादी’ही तेव्हाच, १९७६ मध्ये घातलं, अन् कित्येक समाजवादी त्या वेळी जेलात होते. पण फॅसिझम म्हणताना मी थांबतो. १९७७ मध्ये निवडणूक झाली, पंतप्रधान स्वतः पडल्या अन् त्यांनी खुर्ची सोडली. मुसोलिनीनं १९२६ नंतर दुसरा पक्षच शिल्लक ठेवला नव्हता.